पडायच्या आधीचं पाणी

हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेत शिरताना सर चपला दाराबाहेर काढत. त्यात भक्तिभाव वगैरे काही नव्हता. तिथली फरशी कायम ओली असायची आणि चपला घसरतात, एवढंच कारण. पण आत आले की ते आधी पाण्याच्या टाकीजवळ जात, तिच्या पत्र्यावर दोन थापा मारत आणि विचारत, "काय म्हन्ता बाप्पा?" आम्ही मुली मागे उभ्या राहून तोंडाला ओढणी लावून हसायचो. टाकी काही म्हणत नसे. मग सर आमच्याकडे वळून म्हणत, "हे सोताहून बोलत नाही. म्हनून तं तुमाले आनलं."

अमरावतीच्या त्या तंत्रनिकेतनात मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. आमचं घर दर्यापूरच्या बाजूचं, माळ्यांचं. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, काढायचा आणि बाजाराला न्यायचा, हा घरचा धंदा. त्यामुळे पाण्याशी माझा संबंध होता तो पाइप या वाफ्यातून त्या वाफ्यात टाकण्यापुरता. पोरीनं पंख्याखाली बसून काम करावं म्हणून बाबांनी मला शिकायला पाठवलं. आज माझं सगळं काम पाटाच्या काठावर उन्हात असतं, आणि त्याचा दोष आई अजून सरांना देते. तिचं काही चुकत नाही.

सर शिकवायचे ते नॉच आणि वेअर. ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी सांगते. वाहत्या पाण्याच्या आडवा एक पत्रा लावायचा, पत्र्याला वरच्या बाजूनं एक खाच पाडायची, आणि सगळं पाणी त्या खाचेतून पडू द्यायचं. खाचेच्या तळापासून पाणी किती उंच चढलं ते मोजायचं. त्या उंचीला म्हणतात हेड. हेड कळलं की सूत्रात घालून पाणी किती वाहतंय ते निघतं. पत्र्याऐवजी सिमेंटची भिंत बांधली आणि तिच्यावरून पाणी सोडलं की झाला वेअर. झालं, एवढंच. आमच्या पुस्तकात हे सगळं दोन-चार पानांत उरकलं होतं आणि सरांना ते एक सत्र पुरत नसे.

कारण सूत्र सोपं असलं तरी हेड मोजणं सोपं नव्हतं. त्रिकोणी खाच असली तर उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीच्याही वर जातं. म्हणजे वाचायला केसभर चुकलात की उत्तर कुठल्या कुठे. आम्ही पोरं सरळ खाचेपाशी जाऊन, वाकून, पट्टी लावून मोकळे व्हायचो. सरांचा पारा तिथं चढे.

"तिथं कायले गेली? पाणी खाचेपाशी येस्तोवर वाकून जाते ना! त्याले समजलं का आता पडाचं हाये, का थे आधीच खाली होते. मागं ये. आखीन मागं. ज्या पाण्याले अजून मालूम नाही का पुढं पडाचं हाये, थे पाणी मोज."

पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, की हेडच्या चार पट तरी मागे जाऊन उंची मोजावी. पण पुस्तकातलं कुणाच्या लक्षात राहतं? आमच्या वर्गातला एकही जण सरांचं ते वाक्य विसरलेला नाही. सर गेल्याची बातमी वर्गाच्या ग्रुपवर आली तेव्हा नेहमीच्या हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि मधेच पुण्यात सॉफ्टवेअर करणाऱ्या एकानं, ज्यानं नंतर आयुष्यात कधी नॉच बघितला नाही, हेच वाक्य वऱ्हाडीत जसंच्या तसं लिहिलं.

मागं जाऊन उभं राहिलं तरी लगेच वाचायला परवानगी नसे. पाण्याच्या वरच्या थराला थरथर असेपर्यंत थांबायचं. सर स्टुलावर बसत, पँटचा एक पाय घोट्यापर्यंत आणि एक पिंढरीपर्यंत दुमडलेला, आणि डोळे मिटून घेत. पोरांना वाटे, झोपले. कुणी हळूच मोबाइल काढला की डोळे न उघडता आवाज येई, "ठेव थे खिशात. पाणी घाबरते." पाणी मोबाइलला कसं घाबरेल हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मग कधीतरी तेच उठत, रुमालात गुंडाळलेला हूक बाहेर काढत आणि गेजला लावत. पाण्याची उंची बारीक मोजायला हे हुकाचं टोक खालून वर आणून पाण्याच्या पापुद्र्याला टेकवतात. पोरं ते टोक वाकवतात म्हणून सर हूक घरी घेऊन जायचे. त्यांच्या सौ. एकदा कॉलेजात आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "माह्या मंगळसूत्राचा हूक तुटला तं दोन महिने नवा आनला नाही. हा मातर उशाशी घेऊन झोपतेत."

सरांचा दुसरा राग बरोबर उत्तरावर होता. प्रयोगातून एक गुणांक काढायचा असतो, खरं पाणी आणि सूत्राचं पाणी यांच्यातला फरक सांगणारा. पुस्तकात तो साधारण शून्य पूर्णांक बासष्ट असा दिलेला असतो. आमच्या वरच्या वर्गातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचनं अशी शिजवून ठेवली होती की उत्तर बरोबर बासष्ट यावं. मीही तशीच उतरवून काढली. सरांनी माझी वही बघितली, चष्मा कपाळावर ढकलला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! हे पुस्तकाचं पाणी हाये. आपल्या टाकीचं पाणी एवढं हुशार नाही बाई. आपल्या टाकीले पोचा पडला हाये, नळ गळून रायला, आन उत्तर पाहा, जसं विलायतेहून आलं." सगळ्यांसमोर. मी दिवसभर चिडून होते. पण पुन्हा केलं तेव्हा माझं एकोणसाठ आलं, आणि सरांनी त्या आकड्याकडे असं पाहिलं की जणू कुणी त्यांना ताजा सांभार आणून दिला. "हे आपलं," म्हणाले.

हा माणूस कॉलेजबाहेरही असाच होता. कॅन्टीनचा चहावाला किटलीतून हळूहळू चहा ओतायचा तेव्हा धार तोटीवरून सरळ कपात पडायची नाही, किटलीच्या पोटावरून ओघळायची. बाकीचे लोक त्याला "नीट वोत ना बे" म्हणत. सर उठून त्याच्यामागे जाऊन उभे राहिले आणि समजावून सांगायला लागले, की धारेच्या खाली हवा पाहिजे, हवा नसली की पाणी भिंतीला चिकटते, मग त्याचं माप घेता येत नाही. चहावाला मान डोलवत होता आणि चहा टेबलावर सांडत होता. शेवटी त्यानं विचारलं, "सर, म्हंजे आता मी काय करू?" सर म्हणाले, "जोरात वोत." त्या दिवसापासून तो जोरात ओतायला लागला आणि सगळ्यांच्या शर्टावर शिंतोडे यायला लागले.

शेजाऱ्याच्या गच्चीवरची टाकी रोज भरून वाहायची, तेव्हा सरांनी भांडण केलं नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला त्रिकोणी खाच पाडली आणि शेजाऱ्याचं पाणी जिथून वाहत यायचं त्या नालीत मातीनं पक्का बसवला. काही दिवस सकाळी उठून मोजलं. मग शेजाऱ्याकडे गेले आणि रोज किती बादल्या वाया जातात ते सांगितलं, वर हेही सांगितलं की सोमवारी सगळ्यात जास्त जातात. शेजारी वैतागून म्हणाला, "काका, तुमाले दुसरं काही काम नाही का?" सर म्हणाले, "नाही." शेजाऱ्यानं त्याच आठवड्यात टाकीला पाणी आपोआप बंद करणारा बॉल बसवला. सर मात्र नाराज झाले. त्यांची नाली कोरडी पडली होती.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, कारण सरांना आठवायचं म्हटलं की आधी हसूच येतं. पण माझ्यावर त्यांचं जे ऋण आहे ते हसण्यावारी न्यायचं नाही. ते एका दिवसाचं आहे. तो दिवस सांगितल्याशिवाय सर पुरे सांगून होणार नाहीत.

मला नोकरी लागली ती नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला, एका लहान तलावाच्या पाटावर. कनिष्ठ अभियंता म्हणजे ज्याच्यावर शेतकऱ्यांनी आणि साहेबांनी आळीपाळीनं ओरडायचं तो माणूस. तलावातून मोठा पाट निघतो आणि त्यातून गावोगावच्या चाऱ्या फुटतात. अगदी शेवटची चारी शेवटच्या गावाची. तिच्या तोंडाशी लोखंडी दार. दारापासून थोडं खाली, चारीच्या आडवी, सिमेंटची ठेंगणी भिंत. पाणी तिच्यावरून पडून पुढं गावाच्या वावरांकडे जातं. भिंतीच्या जरा मागे, वरच्या अंगाला, उंची मोजायची पट्टी रोवलेली, आणि पट्टीवर लाल रेघ. पाणी रेघेला टेकलं म्हणजे गावाला पुरा वाटा मिळाला, असा हिशेब. पाटकरी रोज येऊन पट्टी बघायचा. पाणी रेघेच्या खाली असलं तर दार थोडं उचलायचं, वर असलं तर थोडं खाली करायचं. आमचा पाटकरी इमानदार होता. कुणाच्या चहाला मिंधा नव्हता.

त्या हिवाळ्याच्या शेवटी गहू ओंबीवर आला होता आणि तलावात पाण्याची एकच पाळी उरली होती. त्यातच शेवटच्या गावाची तक्रार सुरू झाली, की आमच्याकडे पाणीच येत नाही. मी गाडी काढली, गेले, पट्टी बघितली. पाणी रेघेवर. परत तक्रार. परत गेले. पाणी रेघेवर. वरच्या गावचे लोक हसायला लागले, "यायले कितीबी द्या, पुरत नाही." आमचे साहेब म्हणाले, "पट्टी भरलेली आहे ना? मग पुरा वाटा दिला असा अहवाल लिहा. पाळीचे दिवस संपले की दार बंद." खरं सांगायचं तर मलाही गावाचा राग येऊ लागला होता.

दुसऱ्या दिवशी त्या गावच्या एक काकू ऑफिसात आल्या. स्वतः वावर करणाऱ्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी गव्हाच्या ओंब्यांची जुडी माझ्या टेबलावर ठेवली. "दाबून पाहा मॅडम." मी एक ओंबी बोटात धरून दाबली. दाणा भरायच्या वेळी आतून दूध यायला पाहिजे. माझ्या बोटाला नुसता कोंडा लागला. "तुमच्या पट्टीवर पाणी हाये म्हन्ता ना," काकू म्हणाल्या, "मंग थे माह्या वावरात काहून नाही? हे पानी नाही भेटलं तं पुरा गहू जनावरायले टाका लागन." त्या ओरडल्या असत्या तर मी पण ओरडले असते. त्या ओरडल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी सरांना फोन लावला. रिटायर होऊन ते अकोल्याला मुलीकडे राहायला गेले होते. मी म्हटलं, "सर, पट्टी भरलेली आहे आणि गाव कोरडं आहे."

"तू किती येळ बसली तिथं?"

"बसले नाही सर. वाचन घेतलं."

सर म्हणाले, "मंग मी येतो. बसू."

खात्याची जीप मागितली असती तर साहेबांनी कारण विचारलं असतं, म्हणून बडनेरा स्टेशनावरून मी त्यांना माझ्या स्कूटीवर बसवून आणलं. सर वाळले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कापडी पिशवी. पाटाच्या काठावरून चालताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो सोडला नाही. काळी माती घसरते, आणि त्यांचे गुडघेही दुखत होते. भिंतीजवळ आल्यावर ते खाली बसले. गावचे लोक जमले, काकूही होत्या. पाटकरी पुढं होऊन म्हणाला, "सर, पाहून घ्या. पानी बराबर रेघेवर हाये."

"तू पायलं ना? झालं मंग," सर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अकोल्याहून आणलेला मोठा माणूस येऊन झोपला, असं त्यांना वाटलं असणार.

थोड्या वेळानं सरांनी विचारलं, "काय दिसते?"

मी सांगितलं. पाणी रेघेवर आहे, संथ आहे, पट्टी सरळ आहे, पट्टीचा शून्य भिंतीच्या माथ्याशी जुळतो, मागच्याच महिन्यात तपासला.

"आखीन?"

मी आणखी सांगितलं. ते पुन्हा "आखीन?" म्हणाले. असं बराच वेळ चाललं आणि माझा संयम संपला. "सर, तुम्हीच सांगा ना काय आहे ते!"

"मी कायले सांगू? नोकरी तुही हाये."

मला इतका राग आला की मी गप्प बसले. आणि गप्प बसले म्हणून माझ्या लक्षात आलं, की तिथं सगळंच गप्प आहे. एवढं पाणी भिंतीवरून पडत असेल तर आवाज पाहिजे. प्रयोगशाळेत एवढुशा खाचेचा इतका आवाज असे की सरांना ओरडून बोलावं लागायचं. इथं मला पलीकडच्या वावरातल्या पोपटांचा कलकलाट स्वच्छ ऐकू येत होता. मी उठून भिंतीच्या खालच्या अंगाला गेले. पाणी पडतच नव्हतं. भिंतीच्या खालचं पाणी जवळजवळ वरच्या पाण्याइतकंच चढलं होतं आणि भिंत मधे बुडाली होती. तिच्यावरून पाणी नुसतं सरकत होतं. वेअरचं सूत्र, पट्टी, लाल रेघ, हे सगळं खरं असतं ते पाणी मोकळं खाली पडत असलं तर. इथं पट्टी वाहणाऱ्या पाण्याची उंची सांगतच नव्हती. तुंबलेल्या पाण्याची सांगत होती.

हे सरांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग खालचं पाणी काहून चढलं?"

"बघून येते."

"जा."

मी चारीच्या काठानं निघाले तसे गावकऱ्यांचे चेहरे बदलले. एक तरुण पोरगा मागे धावत आला, "मॅडम, तिकडं काही नाही, निस्ती बेशरम माजली हाये." तो असं म्हणाला नसता तर कदाचित मी वळणावरून परत फिरले असते. वळणाच्या पलीकडे बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या तोडून टाकल्या होत्या, आणि फांद्यांच्या खाली चारीत मातीनं भरलेली पोती रचलेली होती. या काठापासून त्या काठापर्यंत, एकावर एक, पक्की दाबून.

हिवाळ्याच्या सुरुवातीला, पहिल्या पाळीला, तलावातूनच पाणी कमी सुटलं होतं. तेव्हा वावरात पाणी चढावं म्हणून गावानं ही पोती टाकली होती. मग ती तशीच राहिली. पाटात अडथळा केला तर केस होते, म्हणून वरून फांद्या टाकल्या. पाणी कमी वाटलं की आणखी एक थर. आता मला सगळं उलगडलं. पोती वाढली की पाणी मागे तुंबायचं. तुंबलं की पट्टीवर चढायचं. पट्टीवर चढलं की आमचा इमानदार पाटकरी दार खाली करायचा. दार खाली झालं की गावाला पाणी कमी. की मग पोत्यांचा आणखी एक थर.

परत येऊन मी सरांच्या कानाशी वाकले. ते म्हणाले, "माह्या कानात कायले सांगते? त्यायले सांग."

मी सगळ्यांना सांगितलं. केस करणार नाही, हे आधी सांगितलं. मग दार, पट्टी आणि पोती यांचा फेरा हातवारे करून दोनदा समजावला. मग तोच तरुण पोरगा म्हणाला, "म्हंजे आमचं पानी आमीच तोडून रायलो, असं म्हन्ता काय?" आणि एकदम गलका झाला. कुणाला ते पटत नव्हतं, आणि पटवून घ्यायचंही नव्हतं. एक म्हातारे बाबा म्हणाले, "पोती काढली तं जे साचलं हाये थेबी वाहून जाईन. मंग?" हे खरं होतं. मला ते नाकारता येत नव्हतं. पोती काढली की आधी साचलेलं पाणी निघून जाणार, वावरात शिरणारी बारीक धारही तुटणार, आणि मग दार उचलून सोडलेलं पाणी इथवर यायला संध्याकाळ होणार. येणार, असं माझं गणित सांगत होतं. चुकलं असतं तर त्या गावचा गहू माझ्या शब्दावर गेला असता.

"मी बसतो ना इथी," सर म्हणाले. "पाणी येत नाही तोवर हालत नाही. नाही आलं तं मले त्या लिंबाच्या झाडाले बांधा."

"गुरुजी," काकू म्हणाल्या, "तुमाले बांधून माह्या गव्हाले काय फायदा?"

"काहीच नाही. पन तुमाले जरा बरं वाटन."

काही जण हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी बराच वेळ सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पदर खोचला. "माहं वावर सगळ्यात खाली हाये. बुडलं तं आधी माहंच बुडन," म्हणाल्या, आणि वळणाकडे जाऊन चारीत उतरल्या. पहिलं पोतं त्यांनी ओढलं. मग तो तरुण पोरगा उतरला. मग बाकीचे.

साचलेलं पाणी वाहून गेलं. वावरांच्या तोंडाशी जी करंगळीएवढी धार होती ती पण तुटली, आणि चारीचा चिखल उघडा पडला. पट्टीवरचं पाणी रेघेच्या खूप खाली उतरलं. पाटकऱ्यानं दार उचललं, आणखी उचललं. हळूहळू भिंतीवरून पाणी पडू लागलं आणि त्याचा आवाज यायला लागला, पण वळणापलीकडे अजून चिखलच होता. लोक काठावर उकिडवे बसून होते. कुणीतरी म्हणालं, "बसा आता गहू पाहत." मी पट्टीपासून वळणापर्यंत नुसत्या येरझारा घालत होते. सर मात्र कुणाच्या तरी घरून आलेली भाकर आणि वांग्याची भाजी खात बसले होते आणि म्हाताऱ्या बाबांना विचारत होते, की भाजीत तीळ घातले का कारळं. मला त्यांचा हेवा वाटला. एवढी खात्री आपल्याला या जन्मात यायची नाही, असं वाटलं.

ऊन कललं तेव्हा खालून कुणीतरी आरोळी मारली. आम्ही सगळे धावलो. पाणी वळणावरून येत होतं, पुढं काडीकचरा ढकलत, चारी काठोकाठ भरत. पहिल्या वावराच्या तोंडातून आत शिरलं, मग दुसऱ्या. शेवटी काकूंच्या. असं पाणी त्या हिवाळ्यात त्यांच्या वावरानं पाहिलं नव्हतं. मी पळत पट्टीकडे गेले. पाणी रेघेवर होतं, आणि या वेळी रेघ खरं बोलत होती. पाळीचे राहिलेले सगळे दिवस ते तसंच चाललं, आणि त्या गावचा गहू भरला.

सर जागचे हलले नव्हते. काकू चिखलानं भरलेल्या पायांनी त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "गुरुजी, एक सांगा. एवढी खात्री कुठून आनली?"

"मले कायची खात्री?" सर म्हणाले. त्यांनी काळा चष्मा काढला. डोळे पाणावलेले आणि धुरकट दिसत होते. "दोन्ही डोयात मोतीबिंदू हाये. मले थे पट्टी दिसली नाही, रेघ दिसली नाही. थे पोती मी पायलीबी नाही. या पोरीनं सांगतलं, म्हनून बसलो."

"आन हिचं चुकलं असतं तं?"

"तं तुमी बांधलंच असतं ना लिंबाले."

मी तिथंच उभी होते. दिवसभर मला वाटत होतं की सरांना सगळं दिसतंय आणि ते नेहमीसारखी माझी परीक्षा घेताहेत. काय दिसते, आखीन काय दिसते. त्यांना खरंच दिसत नव्हतं, आणि ते खरंच मला विचारत होते. गावासमोर त्यांनी स्वतःला ओलीस ठेवलं ते माझ्या शब्दावर. कुणी माझ्यावर एवढा विश्वास त्याआधी टाकला नव्हता, आणि खरं सांगते, नंतरही नाही. मी पट्टीपाशी, चारीच्या काठावर खाली बसले, पाय पाण्यात सोडले आणि सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडले.

सरांनी ते ऐकलं. माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तिथं नोको रडू बाई, पट्टीपाशी. पाणी हालते."